नव्या घडणीची पर्वतीय स्नोमोबाइल: चालकांची मते कशी ऐकावीत आणि स्वतः कशी पारखावी

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, कोलंबिया नदीकाठच्या रेव्हलस्टोक गावाबाहेर बोल्डर माउंटनच्या पायथ्याशी गाड्या लावण्याची मोठी मोकळी जागा आहे. संध्याकाळी चारच्या सुमारास डोंगरावरून खाली आलेले चालक तिथे हेल्मेट काढून, ओले हातमोजे ट्रकच्या बॉनेटवर वाळत टाकून, दिवसभराच्या गोष्टी सांगत उभे असतात. त्या वर्षी नव्याने घडवलेल्या एकाच मॉडेलबद्दल तिथे मी एका संध्याकाळी दोन वाक्ये ऐकली. एकजण म्हणाला की मशीन फुलासारखी हलकी आहे, नुसता विचार मनात आणला की वळते. त्याच्यापासून चार पावलांवर उभा असलेला दुसरा म्हणाला की ती दिवसभर अंगावर येत होती. दोघांच्या मशीनचे वर्ष एक होते, इंजिन एक होते आणि ट्रॅकची लांबीही एकच होती. दोघेही खरे बोलत होते. विकत घेऊ पाहणाऱ्याला ही दोन्ही वाक्ये एकत्र कशी बसवायची ते कळले पाहिजे, आणि हा लेख त्यासाठीच आहे.

गुलमर्ग किंवा सोलांगला सहलीत ‘स्नो स्कूटर’वर बसलेल्या मराठी वाचकाला या वाहनाची ओळख असते, पण तिथे सपाट, दाबलेल्या बर्फावर चालकाच्या मागे बसून मारलेली फेरी आणि पर्वतीय स्लेड (चालक आपसात स्नोमोबाइलला स्लेडच म्हणतात) यांत मोठे अंतर आहे. पर्वतीय स्लेड एका माणसासाठी असते आणि तो बहुतेक वेळ उभाच असतो. तिचा रबरी ट्रॅक लांब असतो. प्रचलित मापे १५४ किंवा १६५ इंच, म्हणजे पट्टा उलगडून मोजला तर साधारण ३.९ ते ४.२ मीटर. त्या ट्रॅकवरचे रबरी दाते अडीच ते तीन इंच उंच असतात, पुढच्या दोन स्कींमधील अंतर ३६ इंचांच्या आसपास ठेवलेले असते आणि ८५० सीसी वर्गाचे टू-स्ट्रोक इंजिन समुद्रसपाटीला सुमारे १६५ अश्वशक्ती देते. मशीनचे कोरडे वजन २०० किलोंच्या आसपास असते. कमरेएवढ्या भुसभुशीत हिमात हे सगळे एका बाजूवर कलते ठेवून झाडांमधून चालवायचे असल्यामुळे रचनेतला छोटासा बदलही चालकाच्या खांद्यांना आणि मांड्यांना लगेच जाणवतो.

मते नीट ऐकण्याची गरज व्यवहारातूनही येते. कंपन्या पुढच्या हंगामाची मॉडेल्स साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये जाहीर करतात, वसंतातील आगाऊ मागणीची मुदत थोड्या आठवड्यांची असते आणि मशीन हाती येते ती शरदाच्या अखेरीस. म्हणजे कॅनेडियन वीस हजार डॉलरांच्या वर जाणारी वस्तू अनेकजण तिच्यावर एकदाही न बसता, केवळ दुसऱ्यांच्या बोलण्यावरून ठरवतात.

आधी विचारावे: बदलले काय आहे?

‘नवीन मशीन’ या दोन शब्दांखाली पुष्कळ गोष्टी खपून जातात. कधी संपूर्ण सांगाडा नवा असतो, कधी फक्त मागचे सस्पेन्शन, कधी इंजिन, तर कधी नुसते पॅनेल आणि रंग. स्की-डू या ब्रँडच्या समिट या पर्वतीय मॉडेलला २०१३ मध्ये एक्सएम सांगाडा आणि टी-मोशन हे कलणारे मागचे सस्पेन्शन मिळाले. २०१७ मध्ये चौथ्या पिढीच्या सांगाड्याबरोबर ८५० सीसीचे नवे रोटॅक्स इंजिन आले. २०२० मध्ये कारखान्यातूनच टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र) बसवलेले टू-स्ट्रोक इंजिन आले. आणि २०२३ मध्ये सांगाड्याची पाचवी पिढी आली. पोलारिस कंपनीने पर्वतीय मशीनमध्ये २०१६ साठी ॲक्सिस आणि २०२१ साठी मॅट्रिक्स हे सांगाडे आणले. आर्क्टिक कॅटने २०१९ च्या मॉडेलमध्ये मागच्या सस्पेन्शनमधील दोन रेल (ट्रॅक ज्यांच्यावरून सरकतो त्या लांब पट्ट्या) काढून एकच मधला रेल ठेवला, त्याला अल्फा वन हे नाव दिले, आणि २०२४ मध्ये कॅटलिस्ट हा संपूर्ण नवा सांगाडा बाजारात आणला, तोही आधी ६०० वर्गाच्या इंजिनासह. मोठे ८५८ इंजिन त्यात पुढच्या वर्षी आले.

ही यादी मी अशासाठी दिली की, चालकाचे मत ऐकताना ते या बदलांपैकी नेमके कशाबद्दल आहे हे आपल्याला ओळखता आले पाहिजे. पूर्वीची ८०० सीसीची मशीन सोडून २०१७ च्या मशीनवर बसलेला माणूस ‘काय जबरदस्त सांगाडा आहे’ म्हणत असेल, तर त्यातला अर्धा आनंद इंजिनाचा असू शकतो. त्याला साधा प्रश्न विचारावा: थ्रॉटल सोडून, उतारावरून हळू खाली येतानाही ती तितकीच सहज वळत होती का? उत्तर होय असेल तर श्रेय सांगाड्याचे. उत्तर देण्याआधी तो थबकला तर श्रेय बहुधा इंजिनाचे.

मग विचारावे: सांगणारा कोण आहे?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि नेमका तोच बहुतेकजण विचारायचे विसरतात. कोणतेही मत तुलनेतून येते आणि ती तुलना सांगणाऱ्याच्या तोंडी क्वचितच येते. सहा वर्षे एकाच मशीनवर काढलेल्या माणसाच्या अंगात तिचे वळण भिनलेले असते. कुठे पाय ठेवायचा, हँडल किती ओढायचे, किती कलल्यावर ती स्वतःहून पडेल, हे त्याचे शरीर विचार न करता ठरवते. नव्या मशीनने यातले काहीही बदलले की पहिल्या दिवशी त्याला ती चुकीचीच वाटणार. उलट दोन हंगाम जुना माणूस, ज्याचे शरीर अजून कशालाच सरावलेले नाही, तो तीच मशीन सोपी म्हणून डोक्यावर घेणार.

टी-मोशनचे उदाहरण बघण्यासारखे आहे. त्यात मागचे सस्पेन्शन टनेलच्या, म्हणजे ट्रॅकवरच्या ॲल्युमिनियमच्या पन्हाळीसारख्या अंगाच्या, तुलनेत थोडे बाजूला कलू शकत असे आणि ट्रॅकच्या कडाही लवचीक होत्या. त्यामुळे मशीन एका बाजूवर आणायला पहिला जोर कमी लागे. नवशिक्यांना, हलक्या अंगाच्या चालकांना आणि माझ्यासारख्या खांद्यात फार ताकद नसलेल्यांना हे वरदान वाटले. पण तीव्र आडव्या उतारावर रेघ मारल्यासारखे सरळ जाणाऱ्या जुन्या खेळाडूंना तीच लवचीकता पायाखाली मऊ, सैल वाटली. त्यांना ट्रॅकची कड बर्फात कुऱ्हाडीच्या पात्यासारखी घट्ट हवी होती. त्यांच्यातल्या काहींनी बाहेरच्या कंपन्यांचे सुटे भाग लावून ते कलणे बंदच करून टाकले. मशीनचा गुण एकच. एकाने त्याला सोपेपणा म्हटले, दुसऱ्याने ढिलेपणा.

२०१९ च्या एक-रेल रचनेबाबतही हेच घडले. दोन रेलच्या जागी एक मधला रेल आल्यावर ट्रॅकच्या कडांना वर वळायला वाव मिळाला आणि मशीन डावी-उजवीकडे झटकन लोळू लागली. खोल हिमात ज्यांनी ती चालवली ते खूश झाले. डोंगरावर पोचण्याच्या घट्ट, खाचखळग्यांच्या वाटेवर वेगाने वळणे घेणाऱ्यांनी मात्र ती वळणात बाहेरच्या अंगाला झुकते अशी तक्रार केली. पावडरमधली, म्हणजे भुसभुशीत हिमातली, प्रशंसा आणि वाटेवरची तक्रार एकाच कारणातून आली आहे हे लक्षात आले की आपला प्रश्न सोपा होतो: माझ्या दिवसातला किती वेळ झाडांमध्ये जातो आणि किती वाटेवर?

म्हणून मत ऐकण्याआधी चार गोष्टी विचारून घ्याव्यात: आधी कोणती मशीन चालवत होता, वजन आणि उंची किती, किती हंगामांचा अनुभव आहे, आणि दिवस कुठे घालवतो. वजन विचारणे इथे उद्धटपणाचे मानत नाहीत, कारण शॉक (धक्के शोषून घेणारे भाग) आणि स्प्रिंगची निवड त्यावरच होते. आणखी एक सावधगिरी अशी की, मागच्या मॉडेलने ज्याला त्रास दिला आहे तो दुधाने तोंड पोळलेला असतो. तो नव्या मशीनचे ताकही फुंकून पिणार. त्याचे म्हणणे टाकून देऊ नये, पण तो कोणत्या भागाकडे संशयाने बघतो आहे तेवढे ओळखावे.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते आहे. कॅल्गरीला आल्यानंतर चौथ्या हंगामात मी एक नव्या घडणीची १६५ इंचांची मशीन वसंतातच मागवली. तिची स्तुती मी पाच-सहा जणांकडून ऐकली होती आणि ती सगळी मनापासून केलेली होती. डिसेंबरच्या पहिल्या फेरीत मला ती कलवताच येईना. हँडल ओढून ओढून दुपारपर्यंत माझे दंड भरून आले आणि मी दोनदा एकाच झाडाच्या बुंध्याभोवतीच्या खड्ड्यात अडकले. परत येताना मनात हिशेब मांडला तेव्हा लक्षात आले की ज्यांनी तिची स्तुती केली ते सगळे नव्वद किलोंच्या वरचे पुरुष होते आणि माझे वजन चौपन्न किलो. मूळ स्प्रिंग माझ्या वजनाखाली नीट दबतच नव्हत्या. दुकानातल्या तंत्रज्ञाने मऊ स्प्रिंग बसवल्या, स्कींमधले अंतर दीड इंचाने कमी केले आणि हँडलखालचा उंचवटा बदलून हँडल पाच सेंटिमीटर खाली आणले. त्यानंतर तीच मशीन माझ्यासाठी दुसरी झाली. त्या पाच-सहा जणांपैकी एकानेही मला फसवले नव्हते. मी विचारायला हवे ते विचारले नव्हते.

हिम, उंची आणि तारीख

चालकाइतकाच वाटा त्या दिवसाच्या हिमाचा असतो. किनाऱ्याजवळच्या डोंगरांत हिम ओले आणि जड असते. युटा, वायोमिंग, कोलोरॅडोच्या अंतर्भागात ते कोरडे, पिठासारखे असते. रेव्हलस्टोक या दोन्हींच्या मधले. तीन इंची दाते कोरड्या खोल हिमात होडीच्या वल्ह्यासारखे काम करतात, पण एप्रिलमध्ये सकाळी गोठून कडक झालेल्या थरावर तेच दाते वाकतात आणि मशीन डगमगल्यासारखी वाटते. शिवाय पाण्याने थंड होणाऱ्या या इंजिनांचे कूलर टनेलच्या आत असतात आणि ट्रॅकने उडवलेले हिम त्यांच्यावर पडले तरच ते काम करतात. कडक वाटेवर हिम उडत नाही, तापमानाचा दिवा लागतो आणि लोक म्हणतात की नवे इंजिन तापते. बर्फ खरवडून वर उडवणारे स्प्रिंगचे काटे खाली सोडले होते का, हे अशा वेळी आधी विचारावे.

उंचीचा हिशेब तर पाठच करावा. टर्बो नसलेले इंजिन दर ३०० मीटरला साधारण तीन टक्के शक्ती गमावते. रेव्हलस्टोक गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम ४८० मीटरवर आहे आणि तिथले चालक बहुतेक वेळ दोन हजार मीटरच्या आसपास असतात. वायोमिंगमधील टोगवोटी खिंडच २,९४४ मीटरवर आहे. समुद्रसपाटीला १६५ अश्वशक्ती देणारे इंजिन तिथे सुमारे ११५ वर येते. त्यामुळे वायोमिंगच्या चालकाने ‘दम नाही’ म्हटले आणि ब्रिटिश कोलंबियाच्या चालकाने ‘भरपूर आहे’ म्हटले, तर त्यात वादाचे काहीच नाही. टर्बोचे कौतुक ऐकतानाही उंची विचारावी. २०२०च्या पहिल्या कारखानी टर्बोचा दावाच सुमारे २,४०० मीटरपर्यंत पूर्ण १६५ अश्वशक्ती टिकवण्याचा होता, म्हणजे जो खाली चालवतो त्याला त्याचा लाभ कमी आणि जादा वजन व किंमत मात्र पूर्ण.

तारखेबद्दल एवढेच: मार्चमधल्या अर्ध्या तासाच्या फेरीनंतरचे मत आणि पुढच्या फेब्रुवारीत आठशे किलोमीटर झाल्यानंतरचे मत यांना एकाच तराजूत घालू नये. नव्याचे नऊ दिवस इथेही असतात, आणि नव्या इंजिनालाही पहिले काही तास तेल जास्त व शक्ती आखडती देण्याची व्यवस्था अनेक मशीनमध्ये असते, त्यामुळे तेवढ्या काळात केलेली निंदाही घाईचीच. हंगाम उलटल्यावर मात्र वेगळे प्रश्न विचारावेत: किती बेल्ट गेले, क्लचमधले झिजणारे भाग बदलावे लागले का, ट्रॅकचे दाते तुटले का, शॉकमधून तेल झिरपले का. पूर्ण नव्या सांगाड्याच्या पहिल्या वर्षी काही ना काही सुधारावे लागते हे या क्षेत्रात सगळे धरूनच चालतात. कॅनडात ट्रान्सपोर्ट कॅनडा आणि अमेरिकेत ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग सदोष मशीनच्या परत-बोलावणीच्या (रिकॉल) सूचना प्रसिद्ध करतात. मशीनच्या क्रमांकावरून अधिकृत दुकानात त्याची खात्री पाच मिनिटांत होते आणि जुनी मशीन घेताना तर ती केल्याशिवाय पैसे देऊच नयेत.

शब्दांचा अर्थ लावणे

चालकांचे शब्द ठरलेले असतात आणि त्यांच्यामागे यंत्राच्या ठरावीक गोष्टी असतात. ‘हलकी’ हा त्यातला सर्वात फसवा शब्द. पत्रकावरचे वजन कोरडे असते. त्यात पेट्रोल, तेल आणि कूलंट धरलेले नसते. ३६ लिटरची टाकी भरली की केवळ पेट्रोलचेच सव्वीस-सत्तावीस किलो वाढतात, आणि दुपारपर्यंत रनिंग बोर्डवर (दोन्ही बाजूंना पाय ठेवायच्या फळ्यांवर) व टनेलखाली गोठलेले हिम त्यात भर घालते. तरीही लोक हलकी म्हणतात तेव्हा त्यांना बहुधा किलो अभिप्रेत नसतात. वजन मशीनच्या मध्याजवळ आणि चालकाच्या पायांजवळ आले आहे, त्यामुळे ती कलवायला कमी जोर लागतो, असे त्यांना म्हणायचे असते. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, पण खड्ड्यात रुतलेली मशीन मागचा बंपर धरून उचलताना फक्त किलोच मोजले जातात.

‘पुढचा भाग वर उचलते’ असे एकजण कौतुकाने सांगतो आणि दुसरा तक्रारीने. मागच्या सस्पेन्शनच्या पुढच्या टोकाला एक जाड पट्टा असतो, त्याला लिमिटर म्हणतात. तो आखडला की स्कींवर भार वाढतो आणि मशीन जमिनीला धरून वळते. सैल केला की स्की हलक्या होतात आणि थ्रॉटल दाबताच पुढचा भाग वर येतो. म्हणजे ही तक्रार मशीनबद्दल असण्याइतकीच त्या पट्ट्याच्या भोकाबद्दल असू शकते. ‘खड्डा खोदते’ हेही असेच. जागेवरून निघताना अंगठ्याने थ्रॉटल एकदम पूर्ण दाबला तर कोणताही लांब दात्यांचा ट्रॅक आधी खाली खणतो आणि मग पुढे जातो. सांगणाऱ्याने निघताना काय केले ते विचारावे, आणि त्याने खरोखर हळू सुरुवात केली असेल तरच ट्रॅकला दोष द्यावा.

स्वतः चालवून बघताना

हिवाळ्यात दुकाने आणि कंपन्या चाचणीचे दिवस ठेवतात. ते नसेल तर भाड्याने एक दिवस घ्यावी, त्या खर्चाची खंत करू नये. शक्य असेल तर आपली जुनी मशीनही सोबत न्यावी आणि त्याच उतारावर, त्याच तासात, दोन्ही आलटून पालटून चालवाव्यात. आठवणीतल्या मशीनशी केलेली तुलना फार कच्ची असते.

इंजिन सुरू करण्याआधीच बरेच कळते. सपाट हिमावर मशीनच्या बाजूला उभे राहून एका हाताने हँडल धरावे आणि आपल्याकडे ओढावे. दूरची स्की किती सहज उचलली जाते ते दोन्ही बाजूंनी बघावे. मग रनिंग बोर्डवर उभे राहावे. गुडघे किंचित वाकलेले असताना हँडल साधारण कमरेच्या उंचीला यावे. वर आले तर खांदे लवकर थकतात, खाली आले तर पाठ. एक पाय उचलून तो दुसऱ्या बाजूच्या बोर्डवर टाकून बघावा. आडव्या उतारावर हे सतत करावे लागते, आणि आसनाची उंची किंवा बाजूच्या पॅनेलचा एखादा कोपरा गुडघ्याला लागत असेल तर तो इथेच सापडतो. बुटाचा तळ बोर्डच्या कडेवर घासून बघावा: दात धारदार आहेत का, भोके हिम खाली पडेल एवढी मोठी आहेत का. दिवसाच्या शेवटी त्याच भोकांत काय साचले आहे ते पुन्हा बघावे. मी एकदा बोर्डवर बोटभर जाडीचा, काचेसारखा गुळगुळीत थर साचलेला पाहिला. त्यावर उभे राहून वळण घेणे म्हणजे ओल्या शेवाळावर उभे राहण्यासारखे होते, आणि त्या मशीनबद्दल कोणीही ते मला सांगितले नव्हते.

चालवायला लागल्यावर पहिली पंधरा मिनिटे काहीही ठरवू नये. नंतर लिमिटर, शॉकचा ताण आणि हँडलची उंची आपल्यासाठी बदलून घ्यावी आणि मगच परीक्षा सुरू करावी. सौम्य उतारावर डावीकडे आणि उजवीकडे सारख्याच आकाराची वर्तुळे काढावीत. आडव्या उतारावर, डोंगराकडच्या बोर्डवर उभे राहून आणि हँडल दरीच्या दिशेला वळवून, मशीन एका कडेवर किती वेळ स्थिर राहते ते दोन्ही बाजूंनी तपासावे. थ्रॉटल उजव्या अंगठ्याशी आणि ब्रेक डाव्या हाताशी असल्यामुळे दोन्ही बाजूंचा अनुभव कधीच सारखा येत नाही आणि बहुतेकांची एक बाजू कच्ची असते. चढावर मुद्दाम थांबून पुन्हा निघावे. रिव्हर्स घेऊन बघावा. या टू-स्ट्रोक मशीनमध्ये वेगळा गिअर नसून इंजिनच क्षणभर जवळजवळ थांबून उलट्या दिशेने फिरू लागते, आणि खोल हिमात ते किती भरवशाने होते यावर बरेच अवलंबून असते. सरतेशेवटी मशीन मुद्दाम रुतवावी आणि एकट्याने बाहेर काढावी. ज्या मशीनला आपण एकटे हलवू शकत नाही ती आपल्यासाठी नाही, मग बाकी सगळे तिच्याबद्दल काहीही म्हणोत.

ही सगळी परीक्षा सौम्य उतारांवरच करावी, आणि हे मी कळकळीने सांगते. हिमस्खलने बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. ‘आता कुठेही चढता येते’ हे नव्या, जास्त ताकदीच्या मशीनबद्दलचे सर्वात आनंदाचे वाक्य आहे आणि मला त्याचीच सर्वाधिक भीती वाटते, कारण पूर्वी जिथे मशीन अर्ध्यावर थकून परत वळे त्या उताराच्या माथ्यापर्यंत ती आता चालकाला नेते. १३ मार्च २०१० रोजी याच बोल्डर माउंटनवर जमलेल्या चालकांवर हिमस्खलन कोसळले, दोघांचा जीव गेला आणि तीसच्या आसपास माणसे जखमी झाली. धोक्याचा इशारा त्याआधीच दिलेला होता. हिमस्खलनाचा अंदाज देणाऱ्या ॲव्हलांच कॅनडा या संस्थेचे मुख्य कार्यालय रेव्हलस्टोकमध्येच आहे आणि हिवाळाभर त्यांचा अंदाज रोज निघतो. तो वाचल्याशिवाय, आणि ट्रान्सीव्हर (हिमाखाली गाडलेल्याला शोधण्याचे रेडिओयंत्र), प्रोब (हिमात खुपसून शोधायची लांब काठी) व फावडे अंगावर असल्याशिवाय, चाचणीची फेरीसुद्धा घेऊ नये. एका उतारावर एका वेळी एकानेच जावे आणि बाकीच्यांनी त्याच्या पायथ्याशी थांबू नये.

आपले मत कसे नोंदवावे

आपणही उद्या कोणाला तरी मत देणार असतो, म्हणून त्याच संध्याकाळी, अंग दुखत असतानाच, ते लिहून ठेवावे. विशेषणे शेवटी येऊ द्यावीत. आधी परिस्थिती लिहावी. माझ्या वहीतली, रेव्हलस्टोकजवळच्या फ्रिस्बी रिजवरची, एक नोंद नमुन्यादाखल देते. तिच्यात मशीनचे नाव मुद्दाम गाळले आहे:

‘फ्रिस्बी रिज, जानेवारीचा तिसरा आठवडा. उंची सुमारे १,९०० मीटर, तापमान उणे ११, रात्रीत पडलेले ३० सेंटिमीटर हिम, खाली घट्ट थर. माझे वजन साहित्यासह ६७ किलो. आधीची मशीन १६५ इंची, ही १५४. लिमिटर कारखान्याने ठेवलेल्या भोकावर, पुढचे शॉक सर्वात मऊ. डावीकडचा आडवा उतार पहिल्या प्रयत्नात जमला, जुन्या मशीनवर जमत नसे. उजवीकडे तीनदा स्की निसटली. झाडांमध्ये वळायला जागा कमी लागते. जागेवरून चढताना लांब ट्रॅकची उणीव भासली, दोनदा रुतले, दोन्ही वेळा एकटीने काढली. बोर्डवर हिम साचले नाही. वाटेवर १८ किलोमीटर, डावा गुडघा पॅनेलला घासत होता, पॅड लावून बघायचे. पुढच्या फेरीत लिमिटर एक भोक आखडून उजवी बाजू पुन्हा.’